केरी-सत्तरी : नोंद नाही

दर वर्षी ३० सप्टेंबरला सकाळी साडेआठ वाजता आमचा पावसाळा संपतो. पाऊस त्यानंतरही पडतो, दसऱ्याला पडतो, दिवाळीच्या तोंडावर नरकासुराच्या कागदी अंगावरचा रंग ओघळवून टाकतो. पण हवामान खात्याच्या हिशेबात १ जून ते ३० सप्टेंबर हाच मोसम धरला जातो आणि आमच्या गटाने पहिल्या वर्षापासून तोच हिशेब मानलेला आहे. त्या दिवशीची शेवटची नोंद आली की चार महिन्यांचा तक्ता पुरा करून, बेरजा तपासून, तो सगळ्यांना पाठवण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा ऑक्टोबर अर्ध्याहून अधिक सरला तरी मी तो पाठवलेला नाही. तक्त्यात चौदा रकाने आहेत आणि त्यांतल्या सातव्या रकान्याचे काय करावे हे मला ठरवता आलेले नाही.

हा गट म्हणजे व्हॉट्सॲपवर एकत्र आलेली चौदा माणसे आणि त्यांच्या अंगणांतली चौदा पर्जन्यमापके. २०१४ साली सांग्याच्या एका बागायतदाराने तो सुरू केला. वर्तमानपत्रांत मोजक्याच केंद्रांचे आकडे येतात, आणि गोव्यात तर डोंगराच्या अल्याडचा पाऊस पल्याडच्या पावसाशी जुळत नाही. मग आपल्या कुळागरावर नेमका किती पडला हे आपल्याला कोण सांगणार, असा त्याचा साधा प्रश्न होता. त्याने ओळखीच्यांना विचारले, त्या ओळखीच्यांनी आणखी कुणाला विचारले, आणि एकमेकांची तोंडेही न पाहिलेली माणसे रोज सकाळी एकमेकांना एक आकडा पाठवू लागली. गटात कुणाला नावाने हाक मारायची पद्धत पहिल्यापासून नाही. ज्याचे मापक जिथे, ते त्याचे नाव. मी फोंडा. बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुरगाव, देवळात पूजेला असलेले एक भटजी काणकोण, बाजारात किराणा दुकान चालवणारा एक तरुण साखळी. त्यामुळे ‘मुरगावला रात्रीपासून जुलाब होत आहेत, नोंद उशिरा येईल’ किंवा ‘काणकोणच्या मुलीचे लग्न ठरले’ असले निरोप आमच्यात अगदी सरळ चेहऱ्याने लिहिले जातात, आणि बाहेरच्या माणसाने ते वाचले तर गोव्याच्या प्रकृतीविषयी त्याचे मत काय होईल कोण जाणे.

सातवा रकाना ‘केरी-सत्तरी’ असा आहे. गोव्यात केरी नावाची तीन गावे आहेत: एक पेडण्यात समुद्राकाठी, एक आमच्या फोंडा तालुक्यात, आणि तिसरे सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, जिथे आजोबा देवाचे देवस्थान आहे आणि जवळच अंजुण्याचे धरण आहे. गटात केरी एकच होते, तरी तिथले मापक सांभाळणाऱ्या भाऊंनी अकरा वर्षांत एकदाही नुसते ‘केरी’ असे लिहिले नाही. तीन वेगळ्या केऱ्यांना जाणाऱ्या बसगाड्या एकाच राज्यात धावतात आणि चुकीच्या केरीचे तिकीट फाडलेला कंडक्टर ती चूक जन्मभर विसरत नाही, असे त्यांनी मला एकदा सांगितले होते. ते कदंब महामंडळात कंडक्टर होते. महामंडळ १९८० साली सुरू झाले, आणि त्याच्या पहिल्या काही वर्षांत भरती झालेल्यांपैकी ते एक. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू; गावाच्या नावाऐवजी नात्याने हाक मारली जाणारे गटातले ते एकटेच होते, आणि हे असे कधी ठरले ते कुणालाच आठवत नाही. गेल्या वर्षी त्यांनी सत्तर वर्षे पूर्ण केली तेव्हा ‘सत्तरीत जन्मलो, आज सत्तरी गाठली, आता तिकीट नवीन काढावे लागेल’ एवढे लिहून त्याच निरोपाखाली त्या दिवसाची नोंद दिली होती.

माझी आणि त्यांची ओळख एका भांडणासारख्या फोनने झाली. पहिल्याच वर्षीच्या जुलैत, मी मापक बसवून महिना झाला असेल, एके संध्याकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला आणि पलीकडच्या माणसाने नमस्कारही न करता विचारले, “तुमच्या अंगणात पागोळी कुठे पडते?” गोव्यातल्या पुष्कळ माणसांप्रमाणे आम्ही बोलताना कोकणी बोलत असू आणि लिहिताना मराठी लिहीत असू, तेव्हा हे सगळे ते कोकणीत बोलले, पण माझ्या कानात ते मराठीतच राहिले आहे. त्यांनी महिनाभर फोंड्याचे आणि केरीचे आकडे शेजारी शेजारी लिहिले होते. घाटाच्या पायथ्याला पाऊस नेहमीच जास्त, कारण समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला टेकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. त्यामुळे माझा आकडा त्यांच्यापेक्षा कमी असणे स्वाभाविक होते, आणि साध्या दिवशी तो तसा असायचाही. पण वाऱ्यासह मोठा पाऊस झाला की मी एकदम त्यांच्या पुढे जात होते. “लहान पावसात तुम्ही सरळ वागता,” ते म्हणाले, “मोठ्या पावसात तुमच्या भांड्यात कुणीतरी फुकटचा प्रवासी चढतो.” मी दुसऱ्या दिवशी पावसात उभी राहून पाहिले. पश्चिमेकडून वारा आला की कौलांवरून गळणारी पागोळी तिरकी होऊन, पायरीच्या दगडावर आपटून, थेट मापकात उडत होती. आसपासची वस्तू जितकी उंच, निदान तिच्या दुप्पट अंतरावर मापक असावे हा नियम मी वाचलेला होता आणि अंगणात तेवढी जागा नाही म्हणून सोयीने विसरलेही होते. ज्या माणसाने माझे घर पाहिले नव्हते त्याने तीस आकड्यांवरून माझ्या छपराची कड शोधून काढली होती. मापक मी परड्यात नेले, आणि त्याआधीच्या सगळ्या नोंदींपुढे ‘पागोळी’ असा शेरा त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. आकडे मात्र बदलू दिले नाहीत.

शेऱ्याचा रकाना तक्त्यात आला तो असा, आणि पुढे तो जवळजवळ त्यांच्याच मालकीचा झाला. बाकीचे आम्ही नुसता आकडा पाठवत असू. भाऊंच्या आकड्याखाली चार-दोन शब्द असत. ‘नदी तांबडी.’ ‘म्हातारा लागला, पण अंगात जोर तरण्याचा’ (म्हातारा म्हणजे पुष्य नक्षत्राचा पाऊस, तरणा पुनर्वसूचा). ‘रोणावर अळमी’ (वारुळावर उगवलेली आळंबी). एकदा ‘भांड्यात बेडूक होता, बेडकाचे पाणी वजा केलेले नाही.’ एका वर्षी चवथीच्या दिवशी, गणपतीवर रानफळांची माटोळी टांगतात तेव्हा, ‘माटोळी बांधून झाली, कवंडळ मिळाले नाही’ असे आले, आणि संध्याकाळपर्यंत गटातल्या सहा जणांनी आपापल्या माटोळीत काय कमी आहे ते लिहून काढले. जुने तक्ते काढून बसले तर मला आकड्यांपेक्षा हा रकानाच अधिक वाचावासा वाटतो. त्यातून त्या मोसमाची सगळी चाल कळते: मिरगातले पहिले किडे, आषाढातली अखंड धार, श्रावणातली उघडझाप, भाताला आलेला वास.

आमची मापके हवामान खाते वापरते त्याच धर्तीची आहेत. वर २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचे नरसाळे, खाली चार लिटरची बाटली, आणि मोजायला काचेचे मोजपात्र, ज्यात एका वेळी वीस मिलिमीटर पाऊस मावतो. शंभर मिलिमीटर झाला तर पाच वेळा भरायचे आणि पाच वेळा ओतायचे, आणि कितवी खेप चालली आहे ते विसरायचे नाही. इथे माझ्यासारखी हिशेबनीसही चुकते. भाऊ चुकत नसत. प्रत्येक भरलेल्या पात्रामागे ते ओल्या कागदाला एक चीर पाडत, तिकिटाला चिमटा मारावा तशी. पात्रातल्या पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला असतो, म्हणून डोळा त्याच पातळीवर आणून मधला खालचा काठ वाचायचा असतो. मी ते पात्र खिडकीच्या कठड्यावर ठेवून वाचते. भाऊ अंगणातच, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन, एक गुडघा चिखलात टेकून वाचत असत, हे मला त्यांच्या नातवाने एकदा पाठवलेल्या चित्रावरून माहीत आहे. चित्रात त्यांचा चेहरा दिसत नाही. खोळ दिसते, हातातले पात्र दिसते आणि पात्राला जवळजवळ चिकटलेले नाक दिसते.

बाटली चार लिटरची म्हणजे २०० मिलिमीटरची. त्याहून जास्त पडला तर पाणी बाहेरच्या भांड्यात सांडते आणि तेही भरले तर गेले. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’, तेव्हा आमची बाटली नेमकी तिथवर पोचण्याआधीच हात टेकते. २३ जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला, सत्तरीत आणि डिचोलीत घरे पडली, मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले. त्या रात्री भाऊ दोनदा उठून, विजेरी तोंडात धरून, बाटली मोजून रिकामी करून आले होते. त्यांची नोंद आमच्यापर्यंत दोन दिवसांनी पोचली, कारण तिकडे ना वीज होती ना नेटवर्क. पण ती आली तेव्हा मध्यरात्रीचा आकडा, पहाटेचा आकडा आणि साडेआठचा आकडा असे तीन आकडे बेरजेच्या चिन्हांनी जोडलेले होते. मी त्यांना विचारले की एवढ्या रात्री, एवढ्या पुरात, तुम्ही अंगणात उतरलात कशाला. त्यांचे उत्तर असे होते: “सांडलेले पाणी कुणाच्या नावावर लिहायचे?”

पण भाऊंची आठवण काढताना मला सर्वांत आधी आठवते ती शून्याची गोष्ट. पहिल्याच वर्षी ऑगस्टात तक्त्यात फोंड्याची तीन घरे रिकामी राहिली. एका दिवशी पाऊस नव्हता, आणि दोन दिवस मी सावंतवाडीला लग्नाला गेले होते. पुन्हा फोन आला. “फोंडेबाय, ही तीन घरे कसली?” मी सांगितले. मग त्यांनी मला वेबिल समजावून सांगितले. कंडक्टरच्या वेबिलात, म्हणजे फेऱ्यांच्या हिशेबाच्या कागदात, एकही घर रिकामे सोडायचे नसते. गाडी सुटली, सगळे थांबे घेतले, पण एकही माणूस चढला नाही, तर तिथे शून्य लिहायचे, कारण गाडी धावली आहे, डिझेल जळले आहे, चालकाने आणि कंडक्टरने आपले काम केले आहे. गाडी सुटलीच नाही, तर ती फेरी रद्द. तिथे शून्य लिहिले तर ती लबाडी. रिकामी फेरी आणि रद्द फेरी यांत जो फरक, तोच पाऊस नसल्यात आणि पाऊस न मोजल्यात आहे. पाऊस पडला नाही त्या दिवशी अंगणात जाऊन, कोरडी बाटली उचलून पाहून, परत येऊन शून्य दशांश शून्य लिहायचे. पाहिलेच नाही, तर आडवी रेघ मारायची. “शून्य ही नोंद असते, बाय. रेघ ही नोंद नसते.” आणि दोन दिवसांनी परत येऊन बाटलीत काही सापडले, तर ते दोन दिवसांचे मिळून आहे असे शेऱ्यात लिहायचे, मनाने त्याचे दोन तुकडे करायचे नाहीत. त्यांच्या स्वतःच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली त्या वर्षी त्यांनी हे तंतोतंत पाळले. घरच्यांनी फोनवर ‘बाटली अर्धी आहे’ असे सांगूनही त्या दिवशी केरी-सत्तरीपुढे रेघच आली आणि परत आल्यावर एकत्र आकडा आला.

भाऊंना मी प्रत्यक्ष पाहिले ते एकदाच, फोंड्याच्या बसस्थानकावर, दहा मिनिटे. माझे मोजपात्र फुटले होते आणि त्यांच्याकडे एक जास्तीचे होते. डिचोलीला उतरून दुसरी गाडी धरून ते केवळ ते द्यायला आले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, सुतळीने बांधलेले, माहेरी पाठवायच्या बरणीसारखे. चहा घ्या म्हटले तर परतीची गाडी लागलेली आहे म्हणाले. गाडीत चढताना त्यांनी सवयीने आत एक नजर फिरवली, आणि मला वाटते की माणसे मोजली. त्या दहा मिनिटांत आम्ही काय बोललो ते मला आज आठवत नाही. त्यांच्या खिशाला दोन पेने होती, निळे आणि तांबडे, एवढे आठवते.

आता मला खरोखर सांगायची आहे ती यंदाची गोष्ट, आणि ती सांगताना मान खाली जाते. दिवाळीनंतर आमचा गट झोपतो. अवकाळी सरी आल्या, काजूच्या मोहोरावर धुके आले, तर एखादा निरोप येतो. एरवी मे महिन्यापर्यंत कुणी कुणाची चौकशी करत नाही, आणि त्यात काही वावगे आहे असेही कुणाला वाटत नाही, कारण मोजायला काही नसते. यंदा, २०२५ साली, मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात उतरला आणि मे सरण्याआधी गोव्यातही आला. पुरमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी अर्धी राहिलेली, मिरच्या गच्चीवर वाळत पडलेल्या, सरपण झाकायचे राहिलेले, अशी सगळ्यांची धांदल उडाली. मापके धुवून जागेवर बसवेपर्यंत दोन दिवसांचा पाऊस वाहून गेला. मग एकेक नोंद येऊ लागली आणि तेरा नोंदी जमल्या. साखळीने लिहिले, ‘केरी?’

ही आमची नेहमीची पद्धत. ज्याची नोंद नाही त्याच्या गावाचे नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकायचे. दुसऱ्या दिवशी काणकोणने लिहिले, ‘केरी?’ तिसऱ्या दिवशी मी लिहिले, ‘भाऊ, बाटली अजून माळ्यावर आहे का?’ आणि खाली हसणारा चेहरा टाकला. पाचव्या दिवशी त्यांच्या क्रमांकावरून निरोप आला. ‘मी त्यांची सून. पपा फेब्रुवारीत गेले. हा फोन कपाटात होता. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण तुमचे निरोप आज वाचले.’

फेब्रुवारीत. म्हणजे सबंध उन्हाळाभर तो माणूस नव्हता आणि अकरा वर्षे रोज सकाळी त्याच्याशी व्यवहार असलेल्या आम्हा तेरा जणांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. त्या दिवशी गटात जोडलेल्या हातांची चित्रे एकाखाली एक येत राहिली, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिलेली, कोपऱ्यात पणती असलेली तयार चित्रेही आली. मला त्यांचा राग आला, आणि मग लक्षात आले की माझा हसणारा चेहरा त्या सगळ्यांच्या वर तसाच आहे. तो मी पुसून टाकू शकले असते, पण पुसला नाही. भाऊंनी मला पागोळीचे आकडे बदलू दिले नव्हते.

अशा माणसाच्या जाण्याचे दुःख कुणाला सांगावे तर तेही अवघड आहे. घरात मी सांगितले तेव्हा माझ्या मुलाने विचारले, “तू त्यांना किती वेळा भेटली होतीस?” उत्तर खरे देऊन पुढे काही बोलण्याजोगे राहिले नाही. मी सुतकात नव्हते, नात्यात नव्हते, शेजारात नव्हते. बाराव्याला जायला मला कुणी बोलावले नसते आणि बोलावण्याचे कारणही नव्हते. पण जून उजाडला तशी त्यांची उणीव अगदी साध्या, व्यावहारिक ठिकाणी टोचू लागली. भाऊंची नोंद साडेआठनंतर चार-पाच मिनिटांत येत असे आणि बाकीच्यांच्या त्यामागून, त्यामुळे त्यांचा आकडा पाहूनच आम्ही अंगणात उतरत असू. आता सगळेच एकमेकांची वाट पाहतात आणि पहिली नोंद नऊ वाजता येते. साखळीचे दुकान वाळवंटी नदीपासून फार दूर नाही. केरीचा आकडा दीडशेच्या वर गेलेला दिसला की तो खालच्या फळीवरची साखरेची आणि पिठाची पोती वर चढवत असे, आणि त्याबद्दल त्याने भाऊंचे आभार मानल्याचे मला आठवत नाही. यंदा त्याने दोनदा नुसत्या आभाळाकडे पाहून माल वर चढवला आणि दोन्ही वेळा पाणी आले नाही. “भाऊ असते तर पाठ वाचली असती,” असे त्याने लिहिले. त्या एका ओळीला गटातली जोडलेल्या हातांची सगळी चित्रे मिळूनही पुरी पडणार नाहीत.

आणखी एक म्हणजे शतक. गोव्यातली वर्तमानपत्रे पाऊस अजून इंचांत सांगतात आणि शंभर इंच झाले की ‘पावसाचे शतक’ अशी बातमी करतात. भाऊ मिलिमीटरखेरीज बोलत नसत, पण २५४० चा आकडा ओलांडला की त्या दिवशी शेऱ्यात बसचे छोटे चित्र टाकत. घाटाखालचे केरी आमच्यात हे शतक सगळ्यांच्या आधी गाठत असे. यंदा पहिले शतक सांग्याने गाठले आणि तसे लिहिलेही, पण कुणीच अभिनंदन केले नाही, कारण ते खरे पहिले नव्हे हे सगळ्यांना ठाऊक होते.

ऑगस्टात सातव्या रकान्याविषयी बोलणे निघाले. मुरगावने, जे आमच्यात सर्वांत शिकलेले आहेत, असे सुचवले की जवळच्या केंद्रांवरून केरीचे आकडे काढता येतील. अशी रीत आहे आणि ती खोटी नाही: ज्या केंद्राची नोंद हुकली त्याची सरासरी आणि शेजारच्या केंद्रांची सरासरी यांचे जे प्रमाण, त्याने शेजाऱ्यांच्या त्या दिवशीच्या पावसाला गुणून रिकामे घर भरतात. अकरा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आहेत, एका संध्याकाळचे काम आहे. काणकोणने सुचवले की रकानाच काढून टाकावा, रोज डोळ्यांना दिसतो आणि बरे वाटत नाही. दोघांचेही म्हणणे मला पटत होते आणि दोन्हींपैकी काहीच माझ्याच्याने होत नव्हते. गुणाकार करून आलेला आकडा कदाचित खऱ्याच्या जवळ जाईल, पण तो पाऊस भाऊंच्या अंगणात कुणी पाहिलेला नसेल.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, चवथीची गडबड ओसरल्यावर, मी आणि साखळी केरीला गेलो. घर शोधायला त्रास पडला नाही; अंगणाच्या मधोमध, सगळ्या झाडांपासून लांब, पुढच्या पायवाटेला अडथळा होईल अशा जागी मापक उभे होते, आणि असल्या जागी दुसरे काही कुणी ठेवत नाही. काकी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, ओसरीवर अबोलीचा वळेसर गुंफत बसल्या होत्या. आम्ही कोण हे सांगायला आम्हांला जरा वेळ लागला, कारण आमची खरी नावे त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. ‘फोंडा’ आणि ‘साखळी’ म्हटल्यावर त्यांनी हातातला दोरा खाली ठेवला. म्हणाल्या, “फोंडा म्हणजे पागोळीवाली?”

चहा झाला, भाऊंच्या शेवटच्या आजारपणाविषयी थोडे बोलणे झाले, जे मी इथे लिहिणार नाही. साखळी काही न बोलता अंगणात जाऊन मापकाकडे पाहत उभा राहिला. नरसाळे स्वच्छ होते, त्यात पानसुद्धा नव्हते. मी काकींना विचारले की हे कोण साफ करते. पाणी साचून डास होतात, वाड्यावर दोघांना डेंगी होऊन गेला, म्हणून रोज सकाळी चहानंतर त्या स्वतः बाटली काढून ओतून टाकतात, असे त्या म्हणाल्या. रोज? रोज. जूनपासून? मे महिन्यापासून. म्हणजे केरीचा सगळा पाऊस यंदाही त्याच नरसाळ्यातून, त्याच बाटलीत उतरला होता, कुणाच्या तरी हाताने रोज उचलला गेला होता, आणि पायरीखालच्या गटारात गेला होता. मला राहवले नाही. ओतण्यापूर्वी किती आहे ते कधी बघता का, असे मी विचारले. काकींनी आपला उजवा हात वर केला, अंगठा दुमडून चार बोटे एकत्र आडवी धरली आणि म्हणाल्या, “आज चार बोटां आशिल्लें.”

त्या बाटलीचा व्यास आणि काकींच्या बोटांची जाडी मोजली असती तर त्याचे मिलिमीटर निघाले असते. मोजपट्टी माझ्या पिशवीत होती. ती मी काढली नाही. निघताना काकींनी विचारले की ते भांडे तुम्हांला पाहिजे तर न्या, इथे आता कुणाला त्यातले काही कळत नाही. साखळीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघांनीही ते राहू दे असे सांगितले, आणि का सांगितले ते परतीच्या वाटेवर एकमेकांना विचारले नाही.

आज रात्री तक्ता पुन्हा उघडला आहे. सातव्या रकान्यात १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत १२२ आडव्या रेघा मारून झाल्या आहेत. गुणाकार केलेला नाही आणि रकानाही काढलेला नाही. त्या रविवारच्या ओळीत रेघ तशीच ठेवून शेजारच्या शेऱ्याच्या घरात मी ‘चार बोटे’ असे लिहिले आहे. मुरगाव उद्या सकाळी विचारतील की हे कुठले माप. साखळी तिथे होता, काय सांगायचे ते तो सांगेल.